खोक्याला लावलेलं कुंकू

गेल्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी सटाण्याहून एक वापरलेला कॅमेरा आणला. विकणारा लग्नांचे फोटो काढायचा. आठवडाभर तपासून बघा, काही निघालं तर परत आणा, म्हणाला. पन्नाशी ओलांडल्यावर निव्वळ हौसेसाठी घेतलेली माझी ही पहिलीच वस्तू, त्यामुळे घरी येताच तपासायला बसलो. झाकण लावून काळोखाचे फोटो काढले आणि त्यात एखादा ठिपका उगाच चमकतोय का ते पडद्यावर मोठं करून बघितलं. तसं काही नव्हतं. बायको म्हणाली, "मला बघायला आला होतात तेव्हा एवढं निरखलं नव्हतं."

दसऱ्याच्या सकाळी गच्चीवर गेलो. लेन्सचं छिद्र अगदी बारीक करून मोकळ्या आभाळाचा फोटो घेतला, की आत चित्र टिपणाऱ्या सेन्सरवर बसलेली धूळ काळ्या डागासारखी दिसते. एका कोपऱ्यात एक डाग दिसला. अशा वेळी हवा मारायला रबरी फुगा मिळतो, तो माझ्याकडे नव्हता. मी लेन्स काढली आणि चष्म्यावर मारतो तशी तोंडानेच आत फुंकर मारली.

खाली पूजा मांडली होती. मळ्यातला झेंडू पहाटेच बाजारात गेला होता. उरलेल्या फुलांचं तोरण ओवून झाल्यावर आईने विळे, खुरपी, माझा लॅपटॉप असं सगळं पाटावर ठेवलं होतं. तिने कॅमेराही मागून घेतला. हळदकुंकू जरा सढळ हातानेच वाहिलं.

दुपारी पुन्हा आभाळ टिपलं आणि लॅपटॉपवर बघितलं. आता डागच डाग. गोल, वाळलेल्या थेंबांसारखे. हे कुंकू नाही, आपली थुंकी आहे, हे मला तिथल्या तिथे कळलं. पण आई मागे येऊन उभी होती. पूजेनंतर काहीतरी बिघडलंय, एवढंच तिला माझ्या चेहऱ्यावरून दिसलं.

"माझ्या कुंकवानं झालं का रे हे?"

मी घरात कमी बोलणारा म्हणून ओळखला जातो. त्याचा एक फायदा असा, की मी गप्प बसलो तर कुणाला वावगं वाटत नाही. मी गप्प बसलो. खोटं तर बोललो नाही, असं नंतर वर्षभर स्वतःला सांगत राहिलो.

दुरुस्तीवाल्याने सेन्सर पुसून दिला, कॅमेरा पहिल्यासारखा झाला. तेवढं आईला सांगितलं. डाग कशाचे होते, ते नाही. पुढे भावाने फवारणीचा नवा पंप आणला, तेव्हा तिने करंडा सुनेच्या हातात दिला आणि स्वतः दारातच थांबली. माझा हात नको, म्हणाली. मी तिथेच होतो.

यंदा दसऱ्याला पाटावर विळ्यांच्या शेजारी कॅमेऱ्याचं रिकामं खोकं दिसलं. माळ्यावरून तिनेच काढून घेतलं होतं.

"कॅमेरा राहू दे कपाटात," ती म्हणाली. "खोक्याला लावते. पोचतं त्याला."

तिने लावलंसुद्धा. मग मात्र मला राहवेना. मी खाली बसलो.

"आई, गेल्या वर्षी ते कुंकू नव्हतं. मी तोंडाने आत फुंकलं होतं. माझी थुंकी उडाली होती."

तिने करंडा खाली ठेवला.

"तेव्हाच माहीत व्हतं तुला?"

"हो."

"पंपाच्या वेळी मी दारात उभी राहिले, तेव्हा पण?"

"हो."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने नुसता पदराला हात पुसला. मग म्हणाली, "आण तो इकडं. झाकण लावून आण."

मी कॅमेरा आणून पाटावर ठेवला. तिने कुंकवाची अगदी बारीक चिमूट घेतली, हात कॅमेऱ्यापर्यंत नेला आणि मागे घेतला. मग त्याचा पट्टा बाजूला लांब पसरला आणि त्याच्या टोकाला कुंकू लावलं.