चार बोटांचं अंतर

रविवारी दुपारी चार वाजता भिवंडीजवळ महामार्गावर आमची गाडी थांबली होती. मागून ट्रक येऊन आदळला. गाडीत आम्ही सहा जण होतो. पाच जण उतरलो. माझी बहीण वासंती तिसऱ्या रांगेत बसली होती. ती गेली.

एवढं सगळ्यांना माहीत आहे. यापुढचं मी कुणालाही सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. या गोष्टीला चार वर्षं झाली. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण असावं. मी सावकाश लिहिणार आहे. या गोष्टीपाशी मला सरळ जाता येत नाही. मी आधी बऱ्याचदा प्रयत्न केला आहे.

मी मुलुंडला राहतो आणि घाटकोपरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हापासून माझा डबा, माझा अभ्यास, माझा ताप — सगळं ताईकडे. ती महापालिकेच्या शाळेत शिकवायची. तिनं लग्न केलं नाही. केलं नाही, की माझ्यामुळे राहून गेलं? हे मी तिला कधी विचारलं नाही. निवृत्त झाल्यावर ती आमच्याकडेच राहायला आली. घरात मी, माझी बायको मेधा, आमची आठ वर्षांची ईरा आणि ताई. मेधाचे आईवडील समोरच्या इमारतीत. कुठे जायचं ठरलं की माणसं सहा. म्हणून तीन रांगांची गाडी घ्यायचं ठरलं.

आणि गाडी निवडायचं काम माझ्याकडे आलं. घरात असं काम नेहमी माझ्याकडेच येतं, कारण मी वाचतो. मी एक दोनशे पानी वही घेतली, पानाच्या मधोमध रेघ मारली. दोन गाड्या शेवटपर्यंत उरल्या होत्या. त्यांची नावं इथे लिहीत नाही. गाड्यांचा काही दोष नव्हता. वहीत त्यांना 'अ' आणि 'ब' म्हटलं होतं, इथेही तसंच म्हणतो. मायलेज, मधल्या रांगेतली पायांसाठीची जागा, सर्व्हिस सेंटर घरापासून किती लांब, सासूबाईंच्या गुडघ्यांना पायरी किती उंच पडेल. दीड महिना चाललं होतं.

"गाडी घेतोयस की पीएचडी करतोयस रे?" मेधा म्हणायची.

त्यावर ताई म्हणायची, "हसू नकोस गं त्याला. चौथीत दप्तर घ्यायला गेलो तर दादरची चार दुकानं फिरवली होती यानं मला. शेवटी पहिल्याच दुकानातलं घेतलं."

सगळे हसायचे. पण विश्वासही सगळ्यांचा होता. मेधानं ती वही उघडूनसुद्धा पाहिली नाही. तू बघितलंयस ना, मग झालं — असं तिचं म्हणणं.

'अ' लांब गाडी होती. 'ब' जरा आखूड. बाकी बहुतेक बाबतींत दोन्ही सारख्याच. आता तुम्ही म्हणाल, लांबी ती काय, त्यात काय एवढं?

आमच्या सोसायटीत यांत्रिक पार्किंग आहे. लोखंडी फळीवर गाडी चढवायची, बटण दाबलं की फळी गाडीसकट वर जाते आणि खालची फळी दुसऱ्याला मिळते. शेजारी पाटी आहे — गाडीची लांबी इतकी, उंची इतकी, याहून जास्त चालणार नाही. 'ब' त्यात बसत होती. 'अ' वीतभर बाहेर येत होती.

'अ' घ्यायची तर इमारतीच्या मागच्या बाजूला उघड्यावर जागा मागावी लागणार होती. अर्ज करायचा, कमिटीच्या बैठकीत उभं राहायचं, कारण सांगायचं. तेवढंच. पण वर्षभरापूर्वीच्या बैठकीत मी पाण्याच्या टाकीबद्दल काहीतरी बोलायला उभा राहिलो होतो. माझा आवाज मुळातच लहान. आमचे सेक्रेटरी मोठ्या आवाजाचे गृहस्थ, ते म्हणाले, "अहो लायब्ररीवाले, इथे शांतता राखायची नसते. जरा मोठ्यानं बोला!" पन्नास माणसं हसली. मी बसलो. वाक्य अर्धंच राहिलं. त्यानंतर मी एकाही बैठकीला गेलो नाही.

पन्नास वर्षांच्या माणसाला एवढ्याशा हसण्याची भीती वाटावी? वाटली. पार्किंगच्या अर्जाचा कागद मी तीनदा लिहिला आणि तीनदा फाडला.

मग मी पुन्हा शोरूमला गेलो, एकटाच. एका संध्याकाळी आधी 'अ'च्या, मग थोडं पुढच्या दुसऱ्या शोरूममध्ये 'ब'च्या तिसऱ्या रांगेत शिरून बसलो. त्याआधी दीड महिन्यात मी तिथे एकदाही बसलो नव्हतो — ड्रायव्हरच्या सीटवर बसलो, मधल्या रांगेत बसलो, तिथे मात्र नाही. 'अ'मध्ये मागे टेकून बसल्यावर डोक्यामागे वीतभराहून जास्त जागा उरत होती, त्यामागे सामानाची डिकी. 'ब'मध्ये मी मान मागे केली आणि केसांना काच लागली. थंड होती. एसी चालू होता, म्हणून असेल. मी हात मागे नेऊन मोजलं. डोकं ताठ ठेवलं तर चार बोटं.

मला समजलं. हे नीट वाचा — मला समजलं. त्या काचेपलीकडे काही नव्हतं. मागून काही आलं तर ते थेट इथे येणार, हे कळायला पुस्तकं वाचावी लागत नाहीत. मी वहीत पेन्सिलीनं लिहिलं: मागची काच — 'अ' वीत, 'ब' चार बोटं. गाडीत बसूनच लिहिलं. बाहेर शोरूमची सेल्सगर्ल काचेतून माझ्याकडे बघून हसत होती.

आणि तिथेच बसल्या बसल्या माझ्या मनात एक वाक्य आलं. या कागदावर ते पहिल्यांदाच उतरतंय. मागं काय, ताईच बसणार आहे.

तिला काही होऊ दे, असं मला वाटलं नव्हतं. कधीच नाही. पण वाक्य आलं, आणि त्यानं माझं काम सोपं केलं. आमच्यात मागची जागा ताईची हे न बोलता ठरलेलं असतं ना. टॅक्सीत दाटीवाटीनं बसायचं, लग्नात शेवटच्या पंगतीला बसायचं, पाहुणे आले की चटईवर झोपायचं — ज्या बहिणीचं लग्न झालेलं नाही, तिनं. "मला काय, कुठेही चालतं," हे ती म्हणायची आणि आम्ही तिला म्हणू द्यायचो. मुलगी तिथे बसणार असती, तर मी 'ब' घेतली असती का? बायको बसणार असती तर? उत्तर मला माहीत आहे. दुसऱ्याच दिवशी अर्ज घेऊन मी सेक्रेटरींच्या दारात उभा राहिलो असतो.

घरी येऊन मी ती ओळ खोडरबरानं खोडली. तिच्या जागी लिहिलं: तिसरी रांग — दोन्ही सारख्या.

बुकिंगच्या दिवशी ताई सोबत आली होती. जांभळ्या काठाची साडी नेसली होती, शाळेच्या स्नेहसंमेलनाला नेसायची ती. शोरूममध्ये गाडीभोवती फिरली, मागे वाकून पाहिलं.

"मागं तू बसून बघितलंस ना रे?"

"हो. ऐसपैस आहे."

"मी बघू का बसून?"

"राहू दे गं. साडी अडकेल कुठेतरी."

"बरं बाई," ती म्हणाली. "तू एवढं वाचलंयस, मी काय बघणार!"

गाडी घरी आली तेव्हा तिनंच ओवाळली. बॉनेटवर कुंकवानं स्वस्तिक काढलं, मग मागे जाऊन काचेखालीही एक काढलं. मेधा म्हणाली, मागं कुणी काढतं का हो ताई? ताई म्हणाली, "मागं पण माणसंच बसणार की." मी चाकाखालची लिंबं नीट करण्यासाठी खाली वाकलो. वर बघायचं नव्हतं, म्हणून वाकलो.

दहा महिने काही झालं नाही. हे दहा महिने कसे गेले, ते कसं सांगू? आरशात बघितलं की काचेला लागून तिचं पांढरं डोकं दिसायचं. मागून कुणी हॉर्न दिला की मी गाडी बाजूला घेऊन त्याला पुढे जाऊ द्यायचो. मी गाडी सावकाश चालवायचो, पुढे भरपूर अंतर सोडायचो. सासरे म्हणायचे, जावईबापू म्हणजे एकदम सेफ ड्रायव्हर. मागचं अंतर माझ्या हातात नव्हतं, हे मी त्यांना कसं सांगणार होतो?

त्या रविवारी आम्ही वज्रेश्वरीला गेलो होतो. जाताना ताई मधल्या रांगेत होती. मेधानंच आग्रह करून तिला तिथे बसवलं आणि स्वतः मागे बसली. परतताना ईराला मळमळायला लागलं. मेधा म्हणाली, "ताई, येताना तुम्ही जाता का मागे? हिला माझ्याजवळ घेते." ताई म्हणाली, "जाते की. मला काय!" तिच्यासाठी मधली सीट मी पुढे ढकलून धरली. ती माझ्या खांद्यावर हात ठेवून आत शिरली. पट्टा लावला. मी स्वतः तपासला.

पुढे वाहनं थांबली होती, म्हणून मी थांबलो.

आवाजानंतर मी सगळ्यात आधी ईराकडे बघितलं, मग मेधाकडे. दोघी हलत होत्या. मला हायसं वाटलं. हे पण लिहायलाच हवं — त्यानंतर मी मागे बघितलं.

विम्याची पाहणी करायला आलेला माणूस गाडीपाशी मला एकटाच भेटला. "मागच्या सीटमागे जागाच नव्हती हो," म्हणाला. मी मान हलवली. 'अ'मध्ये ताई वाचली असती का? मला माहीत नाही. कदाचित नसती. या कदाचितमागे लपून मी चार वर्षं काढली आहेत.

दिवसकार्य झाल्यावर सेक्रेटरी भेटायला आले. खरंच हळहळत होते. उठताना म्हणाले, "पुन्हा गाडी घ्याल तेव्हा मोठीच घ्या. मागची मोकळी जागा तशीच पडून आहे. कुणी मागतच नाही हो."

मेधाचं सांगायचं राहिलं. त्या दिवसापासून ती स्वतःला गुन्हेगार मानते. मी मागे बसणार होते, मी त्यांना उठवलं — असं ती पहिल्या वर्षी रोज म्हणायची. मग म्हणायची थांबली. पहिल्यांदा ती हे म्हणाली, तेव्हा मी तिचा हात धरला आणि म्हणालो, तुझा काही दोष नाही. ती म्हणाली, तू चांगला आहेस म्हणून असं म्हणतोस. तेव्हा सांगता आलं असतं. पुढचं वाक्य तेवढंच होतं. मी ते बोललो नाही. आणि दोष तिच्यापाशी राहिला, म्हणून माझा कुणाला दिसला नाही. याला काय म्हणतात, ते तुम्हाला ठाऊक आहे.

आता घरात आम्ही तिघं आहोत. मेधा बाहेर जाणं टाळते आणि गाडीत बसत नाही. ईराला वाटतं, तिला मळमळलं म्हणून आत्या गेली. हे तिनं मागच्या महिन्यात शाळेतल्या बाईंना सांगितलं, मला नाही; मला ते बाईंकडून कळलं. दोघींचाही दोष नाही, हे या घरात एकट्या मला माहीत आहे. मी अजून सांगितलेलं नाही.