कोरं लुगडं आणि उघडे साहेब

सत्तरच्या दशकात मी आखातात, कतारच्या दोह्यात एका गोऱ्या इंजिनिअरच्या घरी स्वयंपाकाला होते. स्वयंपाकघर खाली, जेवणाची खोली वर. ही अक्कल कोणाची ते विचारू नका. माझे गुडघे धरले आणि वर पोचेपर्यंत सूप गार होऊ लागलं. मॅडम सरळ म्हणाली, "उन्हाळ्यापर्यंत जिना जमला नाही तर गावी जा." गावी माझी वाट बघणारं कोणी नव्हतं.

घरचा ड्रायव्हर आमच्या रत्नागिरीकडचा. तो म्हणाला, वाळवंटात एका जागी जमिनीतून कढत पाणी येतं, थंडीत शुक्रवारच्या सुट्टीला साहेबलोक तिथं तंबू ठोकतात. मी मॅडमला म्हटलं, मलाही न्या, रांधून घालीन. आमच्याकडे गरम पाण्याचं कुंड म्हणजे देवाची जागा. बायका लुगड्यासकट उतरतात. मी पेटीतलं लाल कोरं लुगडं काढलं. देवाकडे जुनेर नेसून कोण जातं?

डांबरी रस्ता संपल्यावर रंगवलेल्या पिंपांच्या खुणा बघत गाडी तासभर आदळत गेली. पुढे टेकाडावरून पायवाट होती. साहेब-मॅडम भरभर पुढे गेले, ड्रायव्हर तिथंच थांबला.

"मावशी, मी इथंच. पलीकडे कोणाच्या अंगावर कपडा नसतो. घालायचा तर घाला म्हणतात, पण घालत कोणी नाही."

"तुला रे काय माहीत?"

"ऐकलंय."

"मग कान लाल का झाले?"

पलीकडे खरंच पाच-सहा बाप्ये-बाया गळ्यापर्यंत पाण्यात बसले होते. माझे साहेब-मॅडमसुद्धा. मी चपला काढल्या, पाण्याला नमस्कार केला, कासोटा घट्ट केला आणि उतरले. गुडघ्यांना असं बरं वाटलं की मी डोळेच मिटले.

किंकाळी मॅडमची होती. डोळे उघडले तर पाणी लालभडक. सगळे धडपडत काठावर चढले, गळ्यापासून खाली गुलाबी. एक जाड साहेब पोटावर वाळू घासत होता. त्यानं रंग जाईना, पोट मात्र सोललं.

"काय केलंस हे?" मॅडम ओरडली.

"मी काही नाही केलं. लुगड्यानं केलं."

त्याच दिवशी नियम ठरला, यापुढे पाण्यात कपडा नाही. मॅडमला वाटलं, आता ही येणार नाही. पण त्या रात्री मी किती दिवसांनी सलग झोपले होते. पुढच्या शुक्रवारी लुगडं काठावर घडी करून ठेवलं आणि सरळ उतरले. कोणी मान वळवली नाही. पन्नाशीच्या बाईकडे कोण बघतो? लाज पहिल्या पावलापर्यंत होती, पुढे पाणी छान होतं.

असे सहा-सात शुक्रवार झाले. मग एका दुपारी भरलेला ट्रे घेऊन मी एका दमात जिना चढले. मॅडम वर उभी राहून बघत होती. ट्रेकडे बघितलं, माझ्या पायांकडे बघितलं.

"मीठ विसरलीस," ती म्हणाली.

मी खाली जाऊन मीठ घेऊन आले.