कोरडं पत्र

माझ्या मामेबहिणीनं, अक्कानं, लिहिणं थांबवलं तर निजामाला टपालखातं गुंडाळावं लागेल, असं आम्ही झरी गावात म्हणायचो. सासरी गेलेल्या सगळ्या मैत्रिणींना ती लिहायची, त्यांच्या व्यालेल्या गायींचीसुद्धा चौकशी करायची. आणि प्रत्येक पत्राच्या कोपऱ्याला हळदकुंकू लावायची. खरं तर ते शुभकार्याच्या पत्राला लावतात. पण एकदा अक्काचं साधं पत्र आलेलं पाहून मैत्रिणीच्या सासूनं, कुणीतरी गेलं असं समजून, वाचण्याआधीच हंबरडा फोडला होता. तेव्हापासून तिचा हा नेमच झाला. "कोरडं पत्र धाडू न्हाई गं, माणसाच्या काळजाचं पाणी होतं," असं ती म्हणायची.

मामांना मोतीबिंदू होता, त्यामुळे तिच्या सोयरिकीची पत्रंही तीच लिहायची. मामा ओट्यावर बसून सांगायचे, "मुलगी देणे आहे, पाहायला यावे." अक्का मान डोलावून लिहायची, "मुलगी फार फटकळ आहे, विचार करावा." मग कुणी फिरकत नसे आणि मामा म्हणायचे, "दुनियेला जबान ऱ्हायली न्हाई!" आम्हाला हसू आवरत नसे. अक्का मात्र हसायची नाही. "नांदायचं मला हाय," एवढंच म्हणायची.

मग पालमचं स्थळ आलं. जमीनजुमला होता, माणसं भली होती. पण मुलगा उर्दू शाळेत शिकलेला आणि घरात मराठी अक्षर कुणालाच येत नव्हतं. मामांनी होकार सांगितला, अक्कानं नकार लिहिला आणि सवयीनं कुंकू लावलं. झालं! पालमकरांनी वाचणारा शोधलाच नाही. कुंकू पाहिलं, दमणी जुंपली आणि साखर-लुगडं घेऊन मंडळी आमच्या दारात उतरली.

मामांना आनंदानं काय करू नि काय नको असं झालं. तेवढ्यात मुलानं खिशातून पत्र काढून अक्कापुढे धरलं. "आमच्यात कुणाला वाचता येत न्हाई. तुमीच लिवलंय म्हंत्यात, तुमीच वाचून दावा."

काहीही वाचलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. पण जे लिहिलं होतं तेच अक्कानं वाचलं. "मुलीला पत्रांचा नाद आहे. आपल्याकडे तिचं अक्षर वाचणारं कुणी नाही. सबब मुलगी देणे नाही."

मामा मटकन खाली बसले. मुलाची आई तोंडाला पदर लावून रडू लागली. मुलगा मात्र शांतपणे म्हणाला, "बराबर हाय. लिवणारीला वाचणारा पायजे." साखर ओट्यावरच ठेवून तो गेला. अक्का त्या दिवशी जेवली नाही.

पुढे मामांनी पत्राच्या भानगडीत न पडता, स्वतः जाऊन जिंतूरच्या एका शिकलेल्या माणसाशी तिचं लग्न ठरवलं. त्याच्या घरी वर्तमानपत्र यायचं. पण "बाईमाणसाला कशाला पायजेत पत्रं?" म्हणून त्यानं तिची दौत माळ्यावर टाकली. मैत्रिणींनी लिहून लिहून शेवटी नाद सोडला.

त्यानंतर कधीतरी मामांच्या पत्त्यावर तिच्या नावाचं एक कार्ड आलं. तिचं लग्न झाल्याचं पालमला ठाऊक नसावं. मीच ते जिंतूरला घेऊन गेले. मोठ्या, वाकड्या मराठी अक्षरांत दोनच वाक्यं होती: "आता वाचता येते. लिहावे."

"शिकला गं," अक्का म्हणाली. कार्डाला कुंकू नव्हतं. तिनं कोनाड्यातला करंडा घेतला, बोट बुडवलं आणि कार्डाच्या कोपऱ्याला टेकवलं.

"कोरडं ठिवू न्हाई," ती म्हणाली.

उत्तर न दिलेल्या पत्रांत तिनं कुंकू लावलेलं तेवढं एकच.