खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही

बाईंची शिट्टी इतकी कर्कश होती की बोरगाव मेघेच्या मैदानावर लोळणारी कुत्री उठून चालू लागत. मला त्या कुत्र्यांचा हेवा वाटे, कारण मला उठायची परवानगी नव्हती. बाई आमच्यासारख्या बेघर पोरींना गोळा करून खो-खो शिकवत. चौकोनात बसायचं, मागून पाठीवर हात पडला, 'खो' ऐकू आला, की तत्क्षणी उठायचं. त्याआधी उठलं की फाऊल.

मी दर वेळी आधीच उठायचे. सावत्र बापाच्या माराला कंटाळून घर सोडलं आणि दोन वर्षं वर्ध्याच्या बसस्टँडवर झोपले. मागून पावलं वाजली की पोलिसाची काठी पडायच्या आत उठायचं, एवढंच तिथे शिकले होते.

"खो भेटल्याबिगर उठली काऊन?" बाई सगळ्यांसमोर ओरडत. मग मला एकटीला चौकोनात बसवून स्वतः पाठीमागे येरझारा घालत. "मी हावो मांगं. रडाचं असन तं बसून रड." असं महिनाभर चाललं. बाकीच्या पोरी फिदीफिदी हसत. बाईंचा आला तेवढा राग मला सावत्र बापाचाही आला नव्हता.

जिल्ह्याच्या संघात निवड झाली तर वसतिगृहात हक्काचा पलंग मिळणार होता. चाचणीला पंच बाईच होत्या. मागे पावलं वाजली आणि मी उठले. दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं, पण बाईंनी शिट्टी वाजवलीच. पलंग गेला. त्या संध्याकाळी त्यांनी मला घरी नेलं, आपल्या पलंगावर झोपवलं आणि स्वतः चटईवर झोपल्या. मी वर्षभर त्यांचं खाल्लं आणि वर्षभर त्यांच्याशी तुसड्यासारखी वागले. पुढच्या वर्षी निवड झाली तेव्हा म्हणाल्या, "आता बसता आलं तुले." कौतुकाचा एक शब्द म्हणून नाही.

यंदा त्या आजारी पडल्या. दवाखान्यात भिंतीकडे तोंड करून पडलेल्या असत. मी आले की न वळताच विचारत, "तूच हायेस ना मांगं?" मी फक्त "हो" म्हणायचे. चार गोड शब्द बोलायला तेव्हाही जीभ वळली नाही.

शेवटच्या दिवशी पोचले तर नर्स म्हणाली, आत्ताच गेल्या. बाई तशाच कुशीवर होत्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, "खो."

बाई उठल्या नाहीत. नियम त्यांचाच होता, आणि त्यांनीच तो मोडला. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.