कार्डाआधीचा महिना

धाराशिवच्या ज्या कॉलेजात मी या वयातही ग्रंथालयाचा कोर्स शिकवायला जाते, तिथल्या विभागप्रमुख सरांनी यंदा माझ्या शिकवण्यातला पहिला महिना कापला. कॅटलॉगिंग, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी करणं, पहिल्याच तासापासून घ्या म्हणाले.

त्या महिन्यात मी पोरांना नियमांचं पुस्तक उघडू देत नाही. ती काउंटरवर बसतात, लोक पुस्तक कसं मागतात ते ऐकतात. पुस्तकं चाळतात, कशात काय आहे ते एकमेकांना सांगतात. सरांचं म्हणणं, हे अभ्यासक्रमात नाही आणि आता सगळं सॉफ्टवेअर करतं. मी म्हटलं, सॉफ्टवेअरच्या रकान्यात काय भरायचं ते पोरांनाच ठरवावं लागतं. त्यावर ते गोड आवाजात म्हणाले, जमत नसेल तर दुसरं कुणी बघू.

त्यांना वाटलं, म्हातारी गप बसेल.

गप बसायची अक्कल मला विशीत यायला हवी होती. तेव्हा मी उमरग्याच्या वाचनालयात लागले होते. नियम तोंडपाठ, इस्त्रीची साडी आणि चाल अशी, की जणू तालुक्यात पुस्तक नावाची वस्तू माझ्यासोबतच आली. तिथं निजामाच्या काळातल्या उर्दू पुस्तकांचं एक कपाट होतं. मला उर्दूचं अक्षर येत नव्हतं, पण नियम येत होता: आतल्या पहिल्या पानावरून लेखक आणि पुस्तकाचं नाव घ्यायचं. मराठी पुस्तक उघडतो तसंच एकेक उघडलं आणि शेजारच्या शिंप्यापुढं धरलं. मी बोट ठेवीन ते तो वाचायचा, मी नोंदीच्या कार्डावर उतरवायची. उर्दू पुस्तक उजवीकडून सुरू होतं, हे मला ठाऊक नव्हतं. त्याला वाटलं असेल, एवढी शिकलेली बाई, हिला मागचंच पान लागत असेल.

त्या मागच्या पानांवर प्रकाशकानं जाहिरात छापलेली होती. त्यामुळं अर्ध्या कपाटाचा लेखक कुणी एक हकीमसाहेब झाला आणि पुस्तकाचं नाव डोळ्यांचा सुरमा. शंका आली का म्हणाल, तर मुळीच नाही. उलट एवढ्या थोर लेखकाचं लिखाण आपल्याकडं आहे म्हणून मी दोन दिवस तोऱ्यात होते.

मग एक निवृत्त मास्तर उर्दू कथा मागायला आले. मी डब्यातली कार्डं चाळून ठणकावून सांगितलं, कथा नाहीत, सुरमा आहे. ते सरळ कपाटाकडं गेले, हवं ते पुस्तक काढून तासभर वाचत बसले. जाताना म्हणाले, "बेटी, किताब कपाटात हाय. तुझ्या डब्यात न्हाय."

आणि गंमत बघा, माझा एकही नियम चुकला नव्हता. परीक्षेत मला पैकीच्या पैकी मिळाले असते.

म्हणून यंदा सोमवारी पहिल्याच तासाला कॅटलॉगिंग घ्या अशी सरांनी लावलेली नोटीस फळ्याशेजारी तशीच राहू दिली आणि वर्ग उचलून वाचनकक्षात नेला. तिसऱ्या दिवशी अणदूरची एक पोरगी माझ्याकडं आली. एका शेतकऱ्यानं तिला शेळ्या खोकतात त्याचं पुस्तक मागितलं होतं. तिनं कॉम्प्युटरवर 'शेळी' शोधलं, 'खोकला' शोधलं. पुस्तक निघालं 'पशुवैद्यक'खाली, तेही तिनं स्वतः मांडणी उचकून काढलं तेव्हा. चिडली होती. म्हणाली, "बाई, शेळीपाशी एक पाटी पायजे. इथं न्हाय, तिकडं बघा म्हणून."

नियमांत अशी नोंद आहे. त्या नोंदीचं नाव पोरीला अजून ठाऊक नाही. गरज मात्र तिला आधी कळली. आता तो नियम तिला घोकावा लागणार नाही.

हे चाललं असताना सर दारात येऊन उभे राहिले. पोरं काउंटरवर, पुस्तकं जमिनीवर, वही कुणाचीच उघडी नाही.

"मॅडम, हे कुठल्या घटकात येतं?"

"कुठल्याच न्हाय, सर. म्हणून तर आधी घेतलंय."

ते गेले. पुढच्या वर्षी मला बोलवायचं का नाही, ते त्यांनी खुशाल ठरवावं. यंदाची पोरं मात्र महिनाभर माझ्या ताब्यात आहेत, आणि अजून तीन आठवडे बाकी आहेत.