फुकीची जागा

ऋषीपंचमीच्या भाजीचा फोटो कुणी पाठवला की माझं डोकं अजूनही फिरतं. मी तो उघडत नाही आणि खाली 'वा, मस्त' असंही लिहीत नाही. नवरा म्हणतो, "एका भाजीवरून किती वर्षं राग धरणार आहेस?" मी म्हणते, भाजीवरून नाही. पण नक्की कशावरून, ते त्यालाही मी कधी धड सांगितलेलं नाही.

आम्ही वॉलॉंगॉंगला राहतो. मी तेव्हा पॅरामॅटाला आयटीत नोकरी करत होते, म्हणजे जाऊन-येऊन रोजचे चार-साडेचार तास ट्रेनमध्ये. कोविड आला, ऑफिस जेवणाच्या टेबलावर आलं आणि ते तास आयते माझ्या पदरात पडले. लोकांनी तेवढ्यात केळ्याचे केक केले. मी आमच्या मागच्या कुंपणापलीकडे राहणाऱ्या जपानी आजीकडे शेती शिकायला जाऊ लागले.

आजी हे नाव मी दिलेलं. अर्थ सांगितला तेव्हा तिला हसू आलं, पण ती त्याला ओ देऊ लागली. वय ऐंशीच्या पुढे, जपानमधल्या डोंगरातल्या एका खेड्यातली. नवऱ्याच्या नोकरीपायी इथे आली आणि इथलीच झाली. घरामागच्या तुकड्यावर दोघांनी चाळीस वर्षं भाजीपाला केला, खताची पिशवी किंवा फवाऱ्याची बाटली कधी न आणता. आता आजोबा नर्सिंग होममध्ये होते, त्यांना फारसं काही आठवत नव्हतं, आणि एवढा सगळा पसारा ती एकटी सांभाळत होती.

पहिल्याच दिवशी मी उत्साहाने तण उपटायला बसले. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये कुंडीतली तुळस सोडून काही न लावलेली मी. माती स्वच्छ दिसली म्हणजे शेती झाली असं मला वाटे. तिने माझं मनगटच धरलं. "उपटायचं नाही. कापायचं." मग छोटा विळा दिला. तण जमिनीलगत कापायचं आणि तिथेच पसरायचं; मुळं आत कुजू द्यायची, माती धरून ठेवायचं काम त्यांचंच. तीन आठवडे मी उकिडवी बसून फक्त कापत होते. मांड्या भरून आल्या. माझ्या पहिल्या कंपोस्टला असा वास सुटला की नवऱ्याने खिडक्या लावून घेतल्या. आजीने काठीने ते ढवळून पाहिलं आणि म्हणाली, "लंचब्रेकमध्ये होत नाही हे." तांदळाचा कोंडा, वाळकी पानं आणि थांबणं, एवढंच तिचं शास्त्र होतं.

दुसऱ्या वर्षी तिने मला कुंपणाच्या दारातून खाली नेलं. तिथे ओढ्यापर्यंत एक उतार होता. कागदावर काउन्सिलचा, प्रत्यक्षात कुणाचाच नाही. त्या उतारावर तिने मला रानातलं खायला शिकवलं. आपल्या चुक्याची एक रानटी बहीण तिथे होती, पाथरीसारखं काहीतरी होतं, रानबडीशेप होती. कुठलं कोवळं असताना खुडायचं, कुठल्याला हात लावायचा नाही, कुठलं कुणासारखं दिसून फसवतं, हे तिने मला एकेक पान चुरगळून, वास देऊन सांगितलं. नियम तीनच. तिनातलं एक घ्यायचं. मूळ हलवायचं नाही. आणि जागा कुणाला सांगायची नाही. तिच्या गावात म्हणे बायका रानभाजीची जागा सुनेलासुद्धा सांगत नसत. अगदी अंथरुणाला खिळल्या की मगच सांगत. मी हसले होते तेव्हा.

उताराच्या तळाशी, ओलीला, फुकी होती. ती रानटी नव्हती. आजोबांनी कितीतरी वर्षांपूर्वी कुणाकडून तरी मुळाचा एक तुकडा आणून तिथे लावला होता. गोल, मोठी पानं, लांब हिरवे देठ. खायचे ते देठ. मिठाने चोळायचे, राखेच्या पाण्यात उकळायचे, रात्रभर पाण्यात ठेवायचे, सोलायचे आणि मग सोया सॉसमध्ये शिजवायचे. एवढं करूनही थोडा कडवटपणा उरतोच, आणि तो उरायलाच हवा, असं आजी म्हणे. तिच्या गावात बर्फ वितळायला लागलं की ही पहिली वर येई.

आजोबा आता आजीला ओळखत नव्हते. चमचा पुढे केला की ओठ घट्ट मिटून घ्यायचे. पण आदल्या वसंतात तिने फुकीचा एक देठ त्यांच्या तोंडात घातला, तर त्यांनी तो चावला, गिळला आणि तिच्याकडे बघून विचारलं, "बर्फ वितळलं का?" मग आख्खा डबा संपवला. हे सांगताना ती विळ्याला धार लावत होती. मान वर केली नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यात मोठा लॉकडाउन लागला. पाच किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही, नर्सिंग होममध्ये भेटी बंद. तिथल्या एका भल्या नर्सने कबूल केलं होतं, बुधवारी डबा दारात आणून दिलात तर मी भरवीन, व्हिडिओवर दाखवीनही. आजी रोज उतारावर जाऊन देठ बोटांनी चाचपून बघे. "अजून आठ दिवस," ती म्हणाली. तो गणपतीचा आठवडा होता; इथे दक्षिण गोलार्धात गणपती वसंताच्या तोंडावर येतात.

आमच्या मराठी ग्रुपवर रडारड चालली होती. यंदा अळू नाही, इंडियन दुकान पाच किलोमीटरच्या बाहेर, ऋषीपंचमीला काय करायचं? बैलाच्या कष्टाचं खायचं नाही म्हणून हातसडीचे तांदूळ शोधणारी, नाकाने कांदे सोलणारी मंडळी सगळी. आणि मला चेव आला. वर्षभर शिकलेलं कुणाला तरी दाखवायचं होतं ना! मी उताराचा फोटो टाकला. लिहिलं, 'नांगर न लागलेलं, खरं ऋषींचं जेवण इथे आहे. थोडंच घ्या, मुळं उपटू नका.' आणि खाली लोकेशनचा पिन. सत्तावीस लाल बदाम आले. मोजले होते मी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त हात माझा आणि अवलक्षण दुसरीचं.

माझ्या मनात चुका आणि पाथरी होती. फुकी फोटोच्या कोपऱ्यात कुठेतरी होती, माझ्या लक्षातही आलं नाही.

पुढचे दोन दिवस मी कामात बुडालेली. पंचमीच्या सकाळी फोन उघडला तर ग्रुपवर भाज्यांच्या फोटोंची रांग, 'थँक्स फॉर द स्पॉट!' आणि हात जोडलेले. त्यातल्या एका फोटोत किचनच्या ओट्यावर गोल पानांचा ढीग होता. खाली लिहिलं होतं, 'वॉलॉंगॉंगला चक्क अळू!! बाप्पाची कृपा.'

मी चपला न घालता उतारावर पळाले.

फुकीच्या जागी खड्डा होता. कापलेली असती तर परत फुटली असती. त्यांनी खणली होती. अळू म्हटल्यावर खाली अळकुड्या असणारच, या हिशोबाने फावड्याने खणत गेले होते, आणि अळकुड्या मिळेनात म्हणून मुळं तोडून इकडेतिकडे फेकली होती. सकाळच्या उन्हात ती वाळायला लागली होती. चुका गेला होता, पाथरी गेली होती. चाळीस वर्षं ज्या बाईने तण उपटलं नाही, तिच्या दारात दोन दिवसांत उघडी माती.

ओट्यावरच्या फोटोवाल्याला मी दुपारी फोन केला. चांगला शिकलेला इंजिनीयर, मुंबईचा.

"अगं, चिल ना. वीड्सच होते. काउन्सिलची जागा आहे, तूच तर पिन टाकलास."

"मी उपटू नका असं लिहिलं होतं."

"ते कोण वाचतंय एवढं? आणि तुला सांगतो, अळू कसलं डोंबलाचं! चिंच घातली, गूळ घातला, तरी कडूच. एक घास गेला नाही कुणाला. सगळं बिनमध्ये टाकलं, पातेलं धुतलं."

मी त्याला काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. देवाला नैवेद्य दाखवताना जमीन कुणाची, लावलं कुणी, राखलं कुणी, असा एक प्रश्न एकाच्याही मनात येऊ नये? बैलाचे कष्ट नकोत, माणसाचे चालतात. मी ग्रुपवर तसंच लिहिलं. दोघांनी सॉरी म्हटलं, एकीने 'रिलॅक्स, इट्स फेस्टिव्हल टाइम' म्हटलं, आणि मी ग्रुप सोडला. पण पिन मीच टाकला होता. ग्रुप सोडून तो काही पुसला जात नव्हता.

आजीला मी कुंपणाशी उभं राहून सगळं सांगितलं. मास्कमधून रडत. तिने ऐकून घेतलं आणि पहिलं काय विचारावं? "राखेत उकळलं होतं ना? नाहीतर त्यांच्या पोटाला त्रास होईल."

"खाल्लं नाही त्यांनी," मी म्हटलं. "कडू लागलं. फेकलं."

"फेकलं?"

इतका वेळ तिचा चेहरा शांत होता. तो तेव्हा बदलला. ती खाली गेली, डोक्यावरची टोपी काढली आणि मुळांचे तुकडे वेचून टोपीत भरायला लागली. मी वाकले तर म्हणाली, "तू राहू दे." तिने मला एक शिवी दिली असती तर मी तिचे पाय धरले असते. तिने दिली नाही, आणि त्याचाही मला रागच आला.

बुधवारच्या डब्यात पालक गेला. आजोबांनी ओठ मिटून घेतले. त्यापुढच्या बुधवारीही. भेटी सुरू झाल्या तेव्हा फुकी नव्हती, आणि त्या उन्हाळ्यात आजोबा गेले. फुकी असती तर जगले असते असं कुणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. पण त्यांनी आणखी एकदा बर्फाचं विचारलं असतं, आणि ते ऐकायला ती थांबली होती.

पुढच्या वसंतात एका सकाळी आजीने दार वाजवलं. हातात छोटा डबा. उघडला तर सोया सॉसमधले हिरवे, सोललेले देठ. टोपीतले तुकडे जगले होते! मी उभ्या उभ्या दोन खाल्ले. कडवट होते, हवे तेवढेच. उतारावर मी तर रोज जात होते आणि तिथे गवताशिवाय काही नव्हतं, म्हणून पटकन तोंडातून गेलं, "कुठे लावलीत?"

तिने डब्याचं झाकण नीट लावलं आणि डबा माझ्या हातात दिला.

"लांब नाही," ती म्हणाली. मग माझ्या घेवड्याला शेंगा धरल्या का, ते विचारलं आणि गेली.

अजून शिकवते ती मला. घेवडा, कोंडा, कंपोस्ट, सगळं सांगते. दर वसंतात डबा येतो. फुकीची जागा मला माहीत नाही, आणि तिच्या जागी मी असते तर डबासुद्धा दिला नसता.