किसनची उंची

वर्गात माझीही उंची मोजा म्हणाला, म्हणून सरांनी किसनचा कान फोडला होता.

तो किसन आज सकाळी अकोल्यात वारला.

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. अमरावतीची शाळा. आमच्या गणितात स्टॅटिस्टिक्स नवीन आलं होतं, आणि फूट जाऊन मीटरही.

सरांनी प्रॅक्टिकल दिलं. सगळ्यांची उंची सेंटीमीटरमध्ये घ्या, सरासरी काढा.

मॉनिटर एकेकाला भिंतीशी उभं करून डोक्यावर पाटी टेकवायचा आणि खडूनं खूण करायचा.

किसनची पाळी आली. मॉनिटरनं पाटी मागे घेतली.

"याले कोन हात लावन? सोड."

किसनच्या घरानं छप्पन्न साली धम्म घेतला होता. मॉनिटरच्या लेखी काहीच बदललं नव्हतं.

फळ्यावर सरासरी निघाली. किसन उभा राहिला.

"सर, मले मोजलंच नाही. सरासरी चूक हाय."

"बस खाली. एकानं काय फरक पडते बे?"

"काढल्याबिगर कसं समजन, सर?"

सरांनी लाकडी मीटरपट्टी उचलली आणि मोडेपर्यंत त्याला हाणलं. एक फटका डाव्या कानावर बसला. कॉलर रक्तानं भिजली.

किसन बसला नाही. "मोजा," एवढंच म्हणाला.

मॉनिटर हसला. "अजून पाह्यजे काय बे?"

मी माळ्याचं पोर. भाजीच्या टोपल्या उचलून मनगट तयार झालेलं. त्याच्या तोंडावर असा ठोसा घातला की त्याचा दात माझ्या बोटात रुतला. चौघं माझ्यावर तुटून पडले. बरगड्यांत लाथा. बाकं उलटली. मी एकाचं डोकं भिंतीवर आपटलं.

त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. अपमान गिळण्याला सभ्यपणा म्हणणाऱ्यांशी माझं कधीच जमलं नाही.

सर हेडमास्तरांना आणायला पळाले. मी किसनला भिंतीशी उभं केलं, पट्टीचे तुकडे जोडून मोजायला लागलो.

"सरळ उभा राय, लेका."

"मी सरळच हाव. तूच थरथरून राह्यला."

मग त्यानं स्वतः खडू घेतला. बेरीज नव्यानं, भागाकार नव्यानं. दशांशचिन्हापुढचा आकडा बदलला.

तो वर्गाकडे वळला.

"हालली."



आम्हां दोघांनाही शाळेतून काढलं. किसन अकोल्याला जाऊन शिकला आणि तिथंच त्यानं आयुष्यभर स्टॅटिस्टिक्स शिकवलं. त्या कानानं त्याला पुन्हा कधी ऐकू आलं नाही.

किसन, गड्या, शेवटचा जय भीम.